मागापुरती खळ

अंजूरफाट्यावर उतरलं की नजर जाईल तिथे गोदामं दिसतात. एके काळी अंजूर म्हटलं की वसईच्या मोहिमेसाठी पेशव्यांकडे खेपा घालणारे गंगाजी नाईक आठवत. आता कपड्यांपासून मिक्सरपर्यंतचा माल इथे उतरतो, बांधला जातो आणि पुढे निघतो. त्या प्रत्येक डागावर एक पातळ पारदर्शक फिल्म असते. तिचं काम काही दिवसांचं, आयुष्य मात्र आपल्यापेक्षा लांब. पावसाळ्यात ती नाल्यातून खाडीकडे निघते आणि भरतीबरोबर काठाच्या शेतांत परत येते.

मातीत मिसळून जाणारी फिल्म करता येते, हे आता सर्वांना ठाऊक आहे. ती कामाला पुरेल इतकी चांगली कशी करायची, आणि चांगली करता करता तिचं मिसळणंच हरवणार नाही ना, हा खरा प्रश्न आहे. पुढचा संवाद मी रचलेला आहे. मामा आणि भाची या माझ्याच मनातल्या दोन बाजू आहेत, पण त्यांच्या बोलण्यातली माहिती रचलेली नाही. मामा तरुणपणी भिवंडीत सायझिंगमध्ये होते. आता फाट्याजवळच्या गाळ्यात त्यांची एलडीच्या, म्हणजे नेहमीच्या पॉलिथीनच्या, फिल्मची दोन मशीनं आहेत. भाची पॉलिमर शिकते. मे महिना संपत आलाय, लाइट गेल्यामुळे मशीन थांबलंय आणि टेबलावर तिने आणलेले नमुने पडले आहेत.

मामा : हा हातात घेतल्याबरोबर कळतं, एलडी नाही. कुरकुरतो. आणि ओढला की ताणत नाही, सरळ तडकतो.

भाची : तो निव्वळ पीएलए आहे, म्हणजे पॉलिलॅक्टिक आम्ल. उसाची किंवा मक्याची साखर आंबवली की लॅक्टिक आम्ल मिळतं. दह्यात असतं तेच. त्याची लांब साखळी केली की हा दाणा. आपल्याकडे जेजुरीला प्राज कंपनीने 2024 मध्ये याचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. ताठ आहे, काचेसारखा स्वच्छ आहे, पण मूळ लांबीच्या पाच-सात टक्के ताणला की संपलं. आता हा दुसरा बघा.

मामा : हा तर रबरासारखा.

भाची : हा पीबीएटी, एक मऊ पॉलिएस्टर. पाच-सहा पट ताणतो. पण एकट्याचीच पिशवी केली तर ती भार घेऊन लोंबते. म्हणून दोघं एकत्र करायचे. एकाचा ताठपणा आणि दुसऱ्याची लवचीकता.

मामा : मग दोन्ही दाणे हॉपरमध्ये टाकायचे. एलडी आणि एलएलडी आम्ही रोज मिसळतो.

भाची : ते एका घरातले, म्हणून जमतं. हे दोघं वितळल्यावरसुद्धा तेल-पाण्यासारखे वेगळे राहतात. सूक्ष्मदर्शकाखाली एकाचे थेंब दुसऱ्यात पसरलेले दिसतात. थेंबाला भोवतालच्याची पकड नसते, त्यामुळे फिल्म ओढली की तिथूनच फाटते. इथे ॲडिटिव्ह लागतं. इपॉक्सी गट असलेलं एक द्रव्य मिळतं. ते पीएलएच्या साखळीचं टोक धरतं आणि पीबीएटीच्या साखळीचंही धरतं. शंभर किलो दाण्याला ते एक किलोदेखील लागत नाही. थेंब बारीक होतात, पकड येते आणि मशीनवर वितळलेल्या फिल्मचा फुगाही डायवर स्थिर उभा राहतो.

मामा : आणि हात सैल सुटला, जास्त पडलं तर?

भाची : साखळ्या एकमेकींत गुंततात. फिल्मवर बारीक गाठी उमटतात.

मामा : जेल. रिप्रोसेसचा दाणा चालवताना रोज बघतो. प्रत्येक गाठ म्हणजे उद्याचं भोक. ते असो, माझी शंका वेगळी आहे. इतकी वर्षं फिल्म फाटू नये यासाठी मी मास्टरबॅच, म्हणजे ॲडिटिव्हचा दाणा, घालत आलो. तू म्हणतेस, ही फिल्म संपली पाहिजे. आणि मग तीच फाटू नये म्हणून तिच्यात जोडणारं, ताठ करणारं, पाणी अडवणारं घालत बसतेस. एकेक गुण वाढवत गेलीस की शेवटी हातात प्लास्टिकच उरेल. जे संपायला हवं, ते मजबूत कशाला करायचं?

भाची : मजबूत म्हणजे न संपणारं, असं तुम्ही धरून चालताय. एलडीची पिशवी हाताने फाटते, पण मातीत शंभर वर्षं पडून राहते. आणि तुमच्या खांद्यावरचा हा सुती पंचा एलडीपेक्षा कितीतरी ताकदीचा आहे. तो शेतात पुरला तर?

मामा : एका पावसाळ्यात चिंध्या. पुढच्या पावसाळ्यात शोधूनही सापडणार नाही.

भाची : म्हणजे ताकद आणि अमरपणा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एलडीच्या साखळीत नुसता कार्बनला कार्बन जोडलेला असतो. जंतूंच्या विकरांना तिथे दात रोवायला जागा नाही. कापूस म्हणजे सेल्युलोज. त्याची साखळी कुठे तोडायची, हे बुरशीला कोट्यवधी वर्षांपासून ठाऊक आहे. पीएलए-पीबीएटीच्या साखळीत ठरावीक अंतरावर एस्टरचा दुवा असतो, तो पाण्याने आणि विकराने सुटतो. फिल्म किती ताकदीची झाली यावर तिचा शेवट ठरत नाही. तो दुवा उघडा राहिला की झाकला गेला, यावर ठरतो.

मामा : हे पटतं, पण अर्धंच. दुवा उघडा ठेवायचा, तर तो माझ्या मशीनमध्येही उघडाच असणार. जुलैत इथली हवा पिळून काढावी इतकी ओली असते.

भाची : बरोबर. पीएलएचा दाणा ओला राहिला तर एक्स्ट्रुडरमध्येच साखळ्या तुटतात आणि फुगा कोसळतो. दाणा आधी वाळवावाच लागतो. एलडीसारखं पोतं फोडलं आणि ओतलं, असं इथे चालणार नाही.

मामा : आणि हा तिसरा, पिवळसर? याला वास ओळखीचा आहे. खळीचा.

भाची : खळच आहे. स्टार्च, थोडा पीव्हीए, म्हणजे पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, आणि ग्लिसरीन.

मामा : हा मी तुझ्या जन्माच्या आधी केलाय. कढईत नव्हे, सायझिंगमध्ये. यंत्रमागावर ताण्याचा धागा हजार वेळा घासला जातो. उघडं सूत तिथे टिकत नाही. म्हणून आधी त्याला खळ चढवायची. स्टार्च शिजवायचा. तो एकटा वाळला की तडकून गळतो, म्हणून सोबत पीव्हीए. त्यानेही धागा कडक होतो, म्हणून वर थोडी चरबी किंवा मेण. सगळं प्रमाणात. खळ कमी पडली तर मागावर धागा तुटतो, जास्त झाली तर काडीसारखा मोडतो. हवा ओली की खळ चिकटते, कोरडी की झडते. मिस्त्री दोन बोटांत धागा चोळून सांगायचा.

भाची : मामा, मी आज इथे जे सांगायला आले ते हेच. दोन पॉलिमरचं मिश्रण, त्यात मऊपणासाठी एक ॲडिटिव्ह, आणि धाग्याभोवती पातळ फिल्म. भिवंडी हे कित्येक वर्षं करत आली आहे. आणि कापड विणून झालं की त्या खळीचं काय होतं?

मामा : प्रोसेस हाऊसमध्ये काढून टाकतात. ती राहिली तर रंग बसत नाही.

भाची : तिथे स्टार्च तोडायला विकरच वापरतात. म्हणजे जी फिल्म मागावर हजार घासण्या सोसते, तीच पुढच्या टप्प्यावर निघून जाते. चांगली खळ कोणती? मागापुरती टिकते ती. मला पिशवीही तशीच हवी आहे.

मामा : थांब. खळीतला स्टार्च विकराने गेला. पीव्हीए कुठे गेला? तो पाण्यात विरघळला म्हणून डोळ्यांआड झाला. डोळ्यांआड होणं आणि संपणं, यांत फरक आहे.

भाची : आहे, आणि तो फरक या विषयाचा कणा आहे. पीव्हीए खाणारे जंतू असतात, पण ते सगळीकडे नसतात. सांडपाण्यात ते आधी वाढवावे लागतात. म्हणून स्टार्च-पीव्हीएच्या फिल्ममध्ये पीव्हीएचं प्रमाण कमी ठेवून तेच गुण दुसऱ्या मार्गाने मिळवण्याकडे आता कल आहे. एक मार्ग सायट्रिक आम्लाचा, म्हणजे लिंबातलं आम्ल. तापवलं की ते स्टार्चच्या साखळ्यांमध्ये पूल बांधतं आणि फिल्म पाणी कमी पिते. तो पूलही एस्टरचाच असल्यामुळे मातीत तुटू शकतो.

मामा : आणि ग्लिसरीन? तुझा हा नमुना आज मऊ आहे. महिन्याने?

भाची : तीच स्टार्चची दुखरी नस. रात्रीचा भात सकाळी टणक होतो ना? शिजताना सुटलेल्या स्टार्चच्या साखळ्या पुन्हा शेजारी शेजारी येऊन बसतात. फिल्ममध्येही तेच होतं. ग्लिसरीन त्यांच्यामध्ये शिरून त्यांना अंतरावर ठेवतं. पण ते पाण्याचं लोभी, म्हणून पावसाळ्यात फिल्म ओशट आणि ढिली पडते. कोरड्या दिवसांत ते हळूहळू बाहेर येतं आणि फिल्म पापडासारखी तडकते.

मामा : मग इलाज?

भाची : इलाज तुमच्या गावाभोवती उडतो आहे. यंत्रमागाच्या खाली साठते ती रुई, मागाच्या पत्र्यावर बसते ती.

मामा : ती झाडून फेकतात. फार झालं तर गादीवाले नेतात.

भाची : आखूड धाग्याच्या कापसापासून सेल्युलोजचे नॅनो तंतू काढता येतात. केसाच्या जाडीचे हजारो भाग करावेत, इतके बारीक. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी ते स्टार्चच्या फिल्ममध्ये घालून 2012 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. फक्त 0.4 टक्के तंतूंनी फिल्मची ताणशक्ती सुमारे 46 टक्क्यांनी वाढली. त्याच माटुंग्यात कापूस तंत्रज्ञानाची केंद्रीय संस्था आहे, तिथे नॅनोसेल्युलोजचा पथदर्शी प्रकल्पही उभा राहिला. तंतू स्टार्चला आधार देतात आणि पाण्याची वाट अडवतात. तंतूही सेल्युलोज, स्टार्चही ग्लुकोजचीच साखळी. एकाच गोताचे असल्यामुळे वेगळं जोडणारं लागत नाही. आणि मातीत गेल्यावर दोन्ही जंतूंच्या ताटातले.

मामा : मग चार टक्के घाल. चारशे टक्के ताकद येईल.

भाची : नाही. थोडं पुढे गेलं की ताकद उलट घटायला लागते. तंतू एकमेकांना चिकटून गोळे होतात.

मामा : पुन्हा गाठी. म्हणजे दोन बोटांत धागा चोळणारा मिस्त्री तुमच्या प्रयोगशाळेतही लागतोच.

भाची : लागतो. फक्त त्याच्या बोटांच्या जागी ताण मोजणारं यंत्र असतं.

मामा : आता माझं ऐक. गोदामात मागे एक विक्रेता आला होता. म्हणाला, एलडीत ही भुकटी एक टक्का घाला, पिशवी दोन वर्षांत आपोआप नाहीशी. पिशवीवर हिरवं पानही छापून मिळेल. मी नमुना गच्चीवर उन्हात ठेवला. खरंच, काही महिन्यांत हात लावला की चुरा व्हायला लागला. तेही ॲडिटिव्हच ना?

भाची : तेही ॲडिटिव्हच, आणि माझा विरोध त्यालाच आहे. त्याला ऑक्सो म्हणतात. कोबाल्ट, मॅंगनीज असल्या धातूंचे क्षार. ऊन आणि हवा लागली की ते एलडीची साखळी तोडतात आणि पिशवीचा चुरा होतो. पण चुरा म्हणजे शेवट नव्हे. मोठा कचरा निदान हाताने उचलता येतो. चुरा भाताच्या वाफ्यात जातो, माशांच्या पोटात जातो. युरोपीय संघाने 2019 मध्ये नियम करून 2021 पासून अशा मालावर बंदी घातली.

मामा : मग ग्राहकाने तुझी पिशवी आणि ती पिशवी वेगळी कशी ओळखायची? दोन्हींवर हिरवं पान.

भाची : पानावरून नाही, चाचणीवरून. कंपोस्ट होणाऱ्या प्लास्टिकसाठी आपल्याकडे आयएस 17088 हे मानक आहे, आणि विकण्याआधी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. फिल्म 58 अंशांच्या कंपोस्टमध्ये ठेवतात. 180 दिवसांच्या आत तिच्यातल्या कार्बनचा 90 टक्के भाग कार्बन डायऑक्साइड होऊन निघाला पाहिजे. म्हणजे जंतूंनी ती खरोखर खाल्ली पाहिजे. जड धातूंनाही मर्यादा आहे, आणि उरलेल्या कंपोस्टमध्ये रोप नीट उगवलं पाहिजे.

मामा : 58 अंश! आपल्या खाडीचं पाणी कधी 58 अंश झालंय?

भाची : नाही होत.

मामा : मग तुझी प्रमाणपत्रवाली पिशवी खाडीत गेली तर?

भाची : पीएलए असेल तर वर्षानुवर्षं राहील. त्याला साखळी सैल व्हायलाच 55 ते 60 अंश लागतात. स्टार्च लवकर जाईल, पीबीएटी मधे कुठेतरी. मी खोटं सांगणार नाही. ही पिशवी फेकून द्यायचा परवाना नाही.

मामा : तुझ्या कागदात आणि माझ्या फाट्यात अंतर पडतं ते इथे. 2005 च्या 26 जुलैला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, गटारांच्या तोंडाशी पिशव्यांचे बोळे निघाले. पुढे जाडीचे नियम आले. 2018 च्या 23 मार्चला राज्याची बंदी आली, माझं कॅरीबॅगचं मशीन थांबलं. मी तक्रार केली नाही, कारण माझ्या शेताच्या बांधावर भरतीने आणून टाकलेल्या पिशव्या मीच दर वर्षी काढतो. पण माझ्या गाळ्यातून निघालेली फिल्म पार्सलवर चढून नागपूरला जाईल, गुवाहाटीला जाईल. तिथे 58 अंशांचा ढीग कोण रचून बसलाय? आणि भंगारवाल्याने ती एलडी समजून गोणीत टाकली तर रिप्रोसेसचा सगळा दाणा बिघडेल. फिल्म कितीही सुधार, तिला पोहोचवणार कुठे?

भाची : याला माझ्याकडे ॲडिटिव्ह नाही, मामा.

मामा : ऐकून बरं वाटलं. आता मी तुला काही सांगतो. खळ चालली कशामुळे? ती कुठे काढायची, हे चढवतानाच ठरलेलं होतं. सायझिंगमधून बीम निघाला की तो मागावर जाणार आणि कापड प्रोसेसला जाणार. वाट माहीत होती. तुझ्या फिल्मचंही तसं कर. जिची वाट ठाऊक आहे तीच आधी बनव.

भाची : म्हणजे पार्सलची नको?

मामा : आज नको. सोसायट्यांत ओला कचरा वेगळा करतात, काही ठिकाणी आवारातच खत होतं. त्या डब्यातली पिशवी कचऱ्याबरोबर खतातच जाणार. तिला किती टिकायचंय?

भाची : दोन-तीन दिवस, पण ओलं राहून. स्टार्च आणि पीबीएटीचं मिश्रण चालेल. ग्लिसरीन बेताचं, आणि तळाचं सील मजबूत.

मामा : दुसरी, रोपवाटिकेची काळी पिशवी. लावताना ब्लेडने चिरतात आणि तुकडे खड्ड्याशीच राहतात.

भाची : तिला वर्षभर रोजचं पाणी सोसावं लागेल. तिथे स्टार्च कमी, पीबीएटी जास्त. पीबीएटी उन्हात खराब होतो, म्हणून काळा कार्बन घालावा लागेल. आणि कंपोस्टचं प्रमाणपत्र तिला पुरणार नाही, कारण खड्ड्यातली माती गार असते. शेतात अंथरायच्या आच्छादन फिल्मसाठी युरोपात 2018 मध्ये वेगळं मानक आलं, मातीत 24 महिन्यांत 90 टक्के. मोजायचं तर तसं मोजावं लागेल.

मामा : आणि ब्रेडवर बुरशी येऊ नये म्हणून फिल्ममध्ये काहीतरी घालतात म्हणे, ते काय?

भाची : कायटोसान. कोळंबीच्या आणि चिंबोरीच्या कवचातून निघतं. जंतूंना आवर घालतं.

मामा : जे जंतू ब्रेड नासवतात, त्यांचेच भाऊबंद पिशवी खाणार. त्यांनाच आवरलंस तर खाणार कोण?

भाची : कायटोसान स्वतः खाल्लं जातं, म्हणून ते पुढे निघून जातं. चांदीचे नॅनो कण घातले तर ते जाणार नाहीत. माझी कसोटी आता तीच होईल. ॲडिटिव्ह फिल्ममध्ये किती गुण आणतं हे विचारायचं, आणि फिल्म गेल्यावर ते स्वतः कुठे जातं हेही विचारायचं. दुसऱ्याचं उत्तर नसेल तर पहिलं कितीही चांगलं असलं, तरी नको.

मामा : दराचं मी मानलेलं नाही अजून. हा दाणा एलडीपेक्षा कितीतरी महाग पडतो. गिऱ्हाईक तेवढे देईल, असं मला वाटत नाही.

भाची : मलाही खात्री नाही. पण ज्या पिशवीची वाट ठरलेली आहे, तिचा हिशेब निदान मांडता येतो. पिशवी वेचायची, धुवायची, नाल्यातून काढायची मजुरी त्यातून वजा होते.

मामा : मांडून आण, मी बघेन. आणि हे तुझे नमुने. प्रत्येकाचे दोन दोन तुकडे काप. ॲडिटिव्हवाले आणि बिनॲडिटिव्हचे, दोन्ही. वजन करून नायलॉनच्या जाळीत शिव. एक जोडी आपल्या भाताच्या खाचरात पुरू, तिथे पावसाळाभर पाणी उभं असतं. दुसरी उकिरड्यात. शेण-पेंढा भरला की तो आतून इतका तापतो की हात ठेववत नाही. म्हणजे तुझी गार माती एका बाजूला आणि तुझा गरम ढीग दुसऱ्या बाजूला.

भाची : खाचरात हवा पोहोचत नाही, मामा. तिथे पीएलए जशाच्या तसा निघेल.

मामा : निघू दे. तोही निकालच आहे. आणि सोबत माझ्या पंच्याचा एक तुकडा शिव, ताडून पाहायला.

भाची : पहिली जाळी कधी उघडायची?

मामा : खाचर नांगरायच्या आत पुरू. उकिरड्यातली तिसाव्या दिवशी उघड. खाचरातली भात कापल्यावर. तोवर हा दाणा मी मशीनवर घेणार नाही.